फुलकोबीच्या ट्रेमधली पत्ताकोबी

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं आणि देवळीजवळची आमची रोपांची नर्सरी माझ्याकडे आली. तशी ती कुणी माझ्या हाती दिली नाही. डॉक्टरांनी बाबांना तीन महिने उभं राहायला मनाई केली होती, मला भाऊ नाही, आणि मी पुण्यातली नोकरी सोडून नुकतीच घरी आले होते. पुण्यात एका मोठ्या गोदामात मी कामाच्या पाळ्या लावायचे. कोण कुठे उभं राहील, कोणतं खोकं कोणाकडून कोणाकडे जाईल, हे ठरवायचे. ते मला बऱ्यापैकी जमायचं. त्यामुळे नऊ बायकांची नर्सरी आपल्याला जड जाईल असं मला वाटलंच नाही.

आमचं काम तसं सोपं आहे. छोट्या छोट्या कप्प्यांचे प्लास्टिकचे ट्रे असतात. त्यात नारळाचा भुसा भरायचा, एकेका कप्प्यात एकेक बी टाकायचं, पाणी द्यायचं, आणि पंचवीस-तीस दिवसांनी वीतभर रोप शेतकऱ्याच्या हाती द्यायचं. वांगी, मिरची, टमाटर, कोबी. आजूबाजूच्या गावांतले भाजीवाले शेतकरी ते नेतात, लावतात आणि आठवडी बाजारात माल आणतात.

पहिल्या दिवशी मी शेडच्या तोंडाशी स्टूल टाकून नुसती पाहत बसले. प्रत्येक बाई सगळंच करत होती. भुसा भरायचा, बी टाकायचं, झारी घेऊन पाणी घालायचं, मधेच उठून दुसरीच्या ओळीत डोकावून यायचं. शेडमधल्या ओळी त्यांनी आपसांत वाटून घेतल्या होत्या, पण कुठे एक पाटी नव्हती. मी एका ट्रेकडे बोट दाखवून विचारलं, ही मिरची कोणती? तिथली बाई पलीकडच्या बाईकडे मान वळवून म्हणाली, "थे मले नाई माहीत. थे तिच्या ओळीतली आहे, तिले विचारा."

मला हा सगळा गोंधळ वाटला. जुलै लागला तसे मी तीन बदल केले. बायकांचे तीन गट पाडले: तिघी फक्त भुसा भरतील, तिघी फक्त बी टाकतील, दोघी फक्त पाणी आणि फवारणी बघतील. प्रत्येक ट्रेला लेबल, त्यावर पिकाचं नाव, वाण आणि तारीख. आणि उरलेली नववी बाई सुपरवायझर.

ही नववी म्हणजे आमची मावशी. रक्ताच्या नात्यातली नव्हे, पण मी शाळेत होते तेव्हापासून ती आमच्याकडे कामाला आहे. चार किलोमीटरवरच्या गावातून येते. बी टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, म्हणून मला वाटलं, हिलाच वर न्यायला हवं.

"मावशी, उद्यापासून तू सुपरवायझर," मी सांगितलं. "बी टाकायचं नाही. सगळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि रजिस्टर लिहायचं. कोण किती वाजता आलं, किती ट्रे झाले, सगळं."

तिने मागे वळून आपल्या ओळींकडे पाहिलं. "मंग माह्या ओळी कोण करन?"

"आता कोणाच्याच ओळी नाहीत. सगळ्या सगळ्यांच्या."

"बरं," ती म्हणाली. मी त्याला होकार समजले.

पहिले दोन आठवडे काम भराभर झालं. बाबांना घरी मी रोज आकडे सांगायचे. ते पलंगावर पाय लांब करून ऐकायचे. एकदा म्हणाले, "लेबल लावले हे चांगलं केलं. बाकीचं तू पाह्य." त्यात कौतुक किती आणि काळजी किती, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

ऑगस्टमध्ये काहीतरी बिनसायला लागलं. काही ट्रेमध्ये अर्धेच कप्पे उगवले. भुसा भरणाऱ्या म्हणाल्या, बी खोल गेलं. बी टाकणाऱ्या म्हणाल्या, भुसा ओला होता. पाणीवाल्या म्हणाल्या, आमच्याकडे ट्रे आला तेव्हाच तो तसा होता. तिन्ही गटांचं मला पटत होतं. पुण्यात अशा वेळी मी चूक नेमकी कुठे झाली ते शोधून काढायचे, कारण खोकं हरवलं की ते कुठल्यातरी एका हातातून निसटलेलं असतं. इथे बी कुणाच्याच हातातून निसटलेलं नव्हतं. ते फक्त उगवलं नव्हतं.

मी रजिस्टर उघडून बसायचे. अक्षर चांगलं होतं, वेळा बरोबर होत्या. त्यातून मला एवढंच कळायचं की सगळ्या जणी वेळेवर येत होत्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मावशी यायची बंद झाली. पहिल्या दिवशी मला वाटलं, आजारी असेल. तिसऱ्या दिवशी फोन केला तर सुनेने उचलला. "आई शेतात गेल्या," म्हणाली. पाचव्या दिवशीही शेतातच. इतर बायकांना विचारलं तर त्या एकमेकींकडे बघायच्या आणि "काय माहीत, ताई" म्हणायच्या. कोणी भांडलं का? नाही. पगाराचं काही? नाही. मला काहीच धागा सापडेना, आणि तिच्या घरी जायला मी टाळाटाळ करत राहिले. आपल्याच माणसाने न सांगता काम सोडलं याची लाज वाटत होती की राग येत होता, तेही मला धड ठरवता येत नव्हतं.

महिना संपता संपता आंजी गावचा एक शेतकरी मोटरसायकलवर आला. मागे पोत्यात दोन झाडं, मुळासकट उपटलेली. ऑगस्टमध्ये त्याने आमच्याकडून फुलकोबीची रोपं नेली होती. त्याने झाडं माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, हे पाहा. ही फुलकोबी आहे का?"

एका झाडाची पानं लांब आणि उभी होती. दुसऱ्याची गोल, आत वळायला लागलेली, मधे मुठीएवढा गड्डा.

"ही पत्ताकोबी आहे," मी म्हणाले.

"मलेही तेच दिसते. वावरात अर्धी-अर्धी निघून राह्यली." तो चिडलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. "कोणाच्या हातचं रोप होतं हे?"

मी त्याला तारीख सांगितली. ट्रेचा नंबर सांगितला. लेबलवर काय होतं ते रजिस्टरमधून वाचून दाखवलं: फुलकोबी. त्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "थे ठीक आहे, पण हातचं कोणाच्या?"

ते मला सांगता आलं नाही. ट्रे तीन जणींनी भरला होता, तिघींनी बी टाकलं होतं, दोघींनी पाणी घातलं होतं. लेबल मी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीच्या गावी गेले. रस्त्यात स्कूटीवर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मावशीला लिहिता-वाचता येत नसणार. मी तिला रजिस्टर दिलं, लेबलं वाचायला लावली, ती लाजेने बोलली नाही आणि कुणाकडून तरी लिहून घेत राहिली असणार. सगळं जुळलं. आपण किती आंधळे होतो असं वाटून मला भरूनही आलं.

ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. मला पाहून तिने पोतं झटकून बसायला टाकलं. मी बसले आणि लगेच सुरू केलं. "मावशी, माझं चुकलं. मी आधी विचारायला हवं होतं. लिहिता येत नसेल तर त्यात लाजायचं काही नाही..."

तिचे हात थांबले. "कोणाले लिहिता येत नाई?"

मी पोत्यावर जरा मागे सरकले.

"सातवी पास आहे मी. तुह्या रजिस्टरात कोणाचं अक्षर होतं मंग? बचत गटाचा हिशेबही मीच लिहितो." ती रागावली होती, आणि तिला रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग तू येणं काऊन बंद केलं?" पुण्यात गेल्यापासून माझ्या तोंडून गेलेला 'काऊन' त्या वेळी परत आला.

ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. मग म्हणाली, "जेवाले बसलो की सगळ्या उठून जाऊन राह्यल्या होत्या. कोणी काही म्हणत नोतं. मी गेली की गोष्टच बंद. कालपर्यंत ज्या बाईच्या डब्यातली चटणी खाल्ली, तिच्या नावापुढं मी लिहितो, वीस मिनिटं लेट. तिची पोरगी आजारी होती हे मले माहीत. तुह्या रजिस्टरात थे लिहाले जागाच नाई."

"मला सांगायचं ना."

"काय सांगू? तू तर मले मोठं केलं होतं."

मग मी कोबीचं सांगितलं. आंजीच्या शेतकऱ्याच्या वावरात अर्धी पत्ताकोबी निघाली म्हटल्यावर ती चकित होईल असं मला वाटलं होतं. ती झाली नाही.

"थे मले दिसलं होतं," ती म्हणाली. "गाडीत भरतानाच. पत्ताकोबीचं पान गोल राह्यते, निळसर. तुले म्हणलं मी."

"मला? केव्हा?"

"त्याच दिवशी. तू फोनवर होती. मी म्हणलं, बाई, यात दुसरं दिसून राह्यलं. तू लेबल पाह्यलं अन् म्हणली, बरोबर आहे, भरा."

मला ते आठवलं नाही. आजही आठवत नाही. त्या दिवशी गाडी भरली होती, मी फोनवर होते, ऊन होतं, हे सगळं आठवतं, पण मावशी जवळ आली, काही बोलली, मी लेबल पाहिलं, यातलं काहीच नाही. ती खोटं बोलणारी बाई नाही. मीही असं काही ऐकलं असतं तर गाडी थांबवली असती, असं मला मनापासून वाटतं. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या कशा असतील, हे मी खूपदा जुळवून पाहिलं आहे.

"पुन्हा म्हणायचं होतंस," मी पुटपुटले.

"पह्यलेसारखं असतं तर गाडी नसती भरू देली मी. माह्या ओळीतलं रोप असतं तर ट्रे घेऊन आडवी झाली असती. पण थ्या ओळी माह्या नोत्या ना."

निघताना तिने पिशवीभर शेंगा दिल्या. परत येशील का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पाह्यतो." पाच दिवसांनी आली. नेहमीच्या वेळी आली, भुशाचं पोतं ओढलं आणि बी टाकायला बसली. रजिस्टरचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

मी ओळी परत वाटून दिल्या. लेबलं ठेवली, फक्त त्यावर आता ओळ कोणाची तेही लिहिते. मला वाटलं, सगळ्या खूश होतील. पण पाणीवाल्या दोघींपैकी एक माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मले थेच बरं होतं. एकच काम राहे, पाच वाजता मोकळी. आता माह्या ओळीत कमी उगवलं की सगळ्या माह्याकडे पाह्यतात." तिचं म्हणणं चूक नव्हतं. मी तिला पाण्याचं काम कायम ठेवू का विचारलं, तर इतर जणी म्हणाल्या, मग आमच्या ओळीत तिने पाणी घालायचं नाही. महिनाभर तिने कसंबसं काढलं आणि कापूस वेचायला दुसरीकडे गेली. ती कामाला चांगली होती.

आंजीच्या शेतकऱ्याला मी नवी रोपं देऊ केली होती. तो नको म्हणाला, आता वेळ निघून गेली. मला वाटलं, हा माणूस गेला. तर पुढे थंडीत तो पुन्हा आला. बाजारात एकाच दुकानावर दोन्ही कोबी दिसल्या म्हणून गिऱ्हाईक थांबलं, माल लवकर खपला, असं त्याचं म्हणणं. "पुढच्या सालीही अर्धं-अर्धंच देजो," म्हणाला. मी होय म्हटलं आणि तो गेल्यावर रजिस्टर उघडून ती तारीख काढली. त्या गाडीत त्याच्यासोबत आणखी दोघांची रोपं गेली होती. ते दोघे पुन्हा कधी आले नाहीत. त्यांच्या वावरात काय निघालं, ते मला माहीत नाही.

बी नेमकं कुठे मिसळलं, तेही शेवटपर्यंत कळलं नाही. पाकिटातच मिसळलेलं असेल, बी टाकताना दोन वाट्या शेजारी ठेवल्या असतील, किंवा लेबल लिहिताना माझंच चुकलं असेल.

बाबा आता काठी घेऊन शेडमध्ये येतात. उन्हाळ्याच्या आधी एक मोठा व्यापारी आला होता. त्याला एकाच वाणाची मिरचीची रोपं हवी होती, इतकी की सगळी शेड त्यातच गेली असती. गावागावांतून दोनशे-चारशे रोपं नेणाऱ्या आमच्या लोकांना त्या हंगामात नाही म्हणावं लागलं असतं. बाबा म्हणाले, "घेऊन टाक, एक साल सुखानं जाईन." इतकी वर्षं छोट्या गिऱ्हाइकावर जगलेला माणूस असं म्हणाला आणि पुण्याहून आलेली मी नको म्हणाले. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "माह्या ओळी राह्यतीन का?" मी म्हटलं, नाही राहणार. ती बी टाकायला वळली.

आम्ही ती ऑर्डर घेतली नाही. व्यापाऱ्याने दुसऱ्या नर्सरीकडून रोपं घेतली. त्या नर्सरीची गाडी आमच्याच फाटकासमोरून जायची, दर दोन दिवसांनी, भरून. ती गेली की बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी ट्रेकडे.