एकोणसत्तर टन

मास्तर मुळात पायलट. म्हणजे होते. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना विमानातून खाली उतरवलं त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून ते आमच्या सिम्युलेटरवर शिकवायचे. सिम्युलेटर म्हणजे सहा लोखंडी पायांवर हलणारी बंद खोली. आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर खोटं आकाश. मास्तर त्याला ‘डबा’ म्हणायचे, पण दुसऱ्या कोणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा काहीतरी निमित्त काढून येऊन बसायचे.

मी त्या डब्याचा तंत्रज्ञ. वारा, तापमान, इंधन, वजन, सगळं मागच्या टेबलावरून मी भरायचं, आणि मास्तरांनी पायलटांच्या पाठीशी बसून त्यांचा जीव खायचा. माझाही खायचे. ते शिस्तीचे, मी तोंडाचा फटकळ. आमचं इतकी वर्षं जमलं कसं, देव जाणे.

त्यांचा लाडका धडा उंचावरच्या चढणीचा. पस्तीस हजार फुटांच्या वर हवा विरळ, इंजिनाला दम कमी. तिथे नवा पायलट हटकून एक चूक करतो. मिनिटाला इतके फूट चढायचेच म्हणून नाक वर धरून ठेवतो. उंची मिळते, पण वेग गळत जातो. तो परत मिळवायचा तर नाक खाली घालून कमावलेली उंची सोडावी लागते, आणि ती सोडायला कोणाचं मन होत नाही. “वेग धरा, चढण मिळेल तेवढी घ्या,” मास्तर शांतपणे सांगायचे. तिसऱ्यांदा सांगताना शांतपणा संपलेला असायचा.

परीक्षेआधी आमची एक पद्धत होती. मास्तर कागदावरचे आकडे वाचायचे, मी माझ्या पडद्यावर बघून “बरोबर” म्हणायचो. मग ते सही करायचे. माझी सही कुठे लागत नसे.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी मला झापलं. टेबलावर चहाचा कप ठेवला म्हणून, तेही दोन शिकाऊ पोरांसमोर. पोरं दात काढत होती. माझं डोकं असं फिरलं की दुपारपर्यंत जाग्यावर आलं नाही.

दुपारी एका पायलटबाईंची परीक्षा होती. पस्तिशीच्या, अबोल. याच चढणीवर दोनदा नापास झालेल्या. तिसऱ्यांदा झाल्या असत्या तर कंपनी घरी पाठवणार होती, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

“वजन अठ्ठावन्न टन,” मास्तरांनी वाचलं.

“बरोबर,” मी म्हणालो. पडद्याकडे बघितलंच नाही. मी फडकं घेऊन टेबल पुसत होतो, खसाखसा, मास्तरांना दिसावं म्हणून. सकाळच्या वर्गासाठी भरलेला मालाचा आकडा तसाच राहिला होता. टाकीतलं इंधन पायलटला काट्यावर दिसतं, विमानाच्या पोटातला माल दिसत नाही.

बाईंनी अठ्ठावन्न टनांच्या हिशोबाने चढण लावली. छत्तीस हजारांपर्यंत कसंबसं चाललं. मग वेग गळायला लागला. “असं का होतंय?” त्या पुटपुटल्या. कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवून त्यांनी थोडी वाट बघितली. वेग फार पडल्याचा इशारा म्हणून हातातला दांडा थडथडला, तेव्हा कुठे नाक खाली घातलं. मास्तरांनी परीक्षा थांबवली आणि नापास लिहिलं.

तेव्हा मी पडदा बघितला. एकोणसत्तर टन.

मास्तर मागे वळले. “या वजनाला इतकं जड जायला नको होतं. बघितलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणालो, आणि बटण दाबून सगळे आकडे पुसून टाकले. पहिल्या ‘बरोबर’ला चूक म्हणता येईल. या ‘हो’ला काय म्हणू? ती शुद्ध हरामखोरी होती.

घरी ताटातला भात नुसता चिवडत बसलो. “जेवायला बसलायत की शिक्षेला?” बायकोने विचारलं. मी तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी त्या बाई कपाट रिकामं करायला आल्या. हातात पुठ्ठ्याचं खोकं. मला बघून थांबल्या. “तुम्ही मागे होतात. माझं नेमकं कुठे चुकलं?”

“सराव कमी पडला असेल,” मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं, आणि मला स्वतःची किळस आली. तसाच मास्तरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, हेही सांगितलं.

वाटलं होतं आरडाओरडा करतील. केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “एकोणसत्तर?”

“हो.”

“मग तिनं बरंच सांभाळलं,” ते म्हणाले, आणि कोरा कागद पुढे ओढला.

परीक्षा रद्द झाली. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या परीक्षकासमोर बाई पास झाल्या. त्याच आठवड्यात मास्तरांची खुर्ची गेली. त्यांनी लिहिलेला कागद ऑफिसात मी चोरून वाचला: ‘वजन मी स्वतः पाहिलं नाही. न पाहता सही केली.’ माझं नाव कुठेच नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेलो. भर दुपारी खिडकीशी बसले होते. “मास्तर, माझं नाव का नाही लिहिलंत?”

“सही माझी होती.”

“मी साहेबांना जाऊन सांगतो.”

“तुला वाटेल तसं कर,” ते म्हणाले. रागाने नाही. त्यांना खरंच काही फरक पडत नव्हता, आणि तेच माझ्याच्याने बघवेना. साहेबांच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो. एकदा साहेब फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी मी परत फिरलो.

काल बाई आल्या. नवा गणवेश, चेहरा उजळलेला. “मास्तर कुठे आहेत? एवढा मोठा माणूस, स्वतःची चूक लिहून देतो. कोण देतं हो? त्यांच्या पाया पडायचंय मला.”

“रजेवर आहेत,” मी म्हणालो.