मशीनचं 'धन्यवाद आहे'

मुलींनो, आठवीत मी निबंधाच्या शेवटी "वाचल्याबद्दल धन्यवाद आहे" असं लिहिलं होतं, आठवतं? मराठीच्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग वर्गात कुणी साधं खोडरबर दिलं तरी तुम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचात, "धन्यवाद आहे."

ती सवय काही गेली नाही. भाईंदर पूर्वेच्या ज्या लॅबमध्ये मी पेशंटच्या मेसेजना उत्तरं देते, तिथेही शेवटी तेच लिहिते.

आज आमच्या मॅनेजरने नवीन एआय दाखवलं. "मॅडम, बघा ना, काय मस्त मराठी लिहितंय." एका आजोबांना त्यांच्या रिपोर्टबद्दल प्रेमाने उत्तर दिलं होतं. शेवटी होतं, "धन्यवाद आहे."

गेल्या महिन्यात मॅनेजरने माझे सगळे मेसेज 'फक्त बॅकअपसाठी' घेतले होते.

"हे माझ्यावरून शिकलंय का रे?"

"कॉम्प्लिमेंट समजा ना मॅडम. आता तुम्ही आरामात बसून फक्त चेक करायचं."

"आणि त्याचं चुकायचं बंद झालं की मग?"

तो हसला. "सोमवारी तुमचा आवाज रेकॉर्ड करू. एआयला फोनवर बोलायला लागेल."

नाही म्हटलं तर नोकरी लगेच जाईल, हो म्हटलं तर काही महिन्यांनी. तुमच्याकडे कुणी असं काही मागितलंय का?

मी नाही म्हणणार आहे. खुर्चीवरची माझी उशी रिसेप्शनवरच्या शबानाला, तिची कंबर दुखते. खिडकीतलं मनीप्लांट सफाईच्या मावशींना. आवाज तुम्हाला. रविवारी एकेकीला फोन करतेय, उचला.