हवेचा सातबारा

आमच्या पडेगावच्या घरात जमीन सासऱ्यांची, स्वयंपाकघर सासूबाईंचं आणि नवरा दोघांचा. माझ्या एकटीच्या नावावर म्हणावं असं एकच होतं, हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं बिनतारी संभाषण करायचा परवाना. लग्नाआधी परीक्षा देऊन मिळवलेला, सरकारनं दिलेल्या कॉलसाइनसकट, म्हणजे हवेतल्या नावासकट. दुपारची कामं उरकली की मी वरच्या खोलीत सेटपुढं बसायची. कधी केरळ, कधी जपान, कुणी ना कुणी उत्तर द्यायचं. अमक्याची सून म्हणून नव्हे, तर त्या कॉलसाइननं मला हाक मारायचं. त्या हाकेसाठी मी दिवसभर पोळ्या लाटत होते, असं म्हटलं तरी चालेल.

सासऱ्यांना, म्हणजे मामांना, या प्रकाराचा उपयोग कळत नव्हता. एका दुपारी मी नागपूरच्या एका हॅमवाल्या काकांशी बोलत होते. मामा शेजारी येऊन बसले. काका म्हणाले, "नागपुरात ऊन फार आहे." नागपूर ऐकल्याबरोबर मामांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला, बटण दाबलं आणि बांधावरून हाक मारावी तसे ओरडले, "ओ भाऊ, तुमची ती संत्री सोडा. आमची मोसंबी घ्या. लई गोड हाय. गाडी तेवढी पाठवा."

मी घाईघाईनं सेट बंद केला. एका दमात दोन नियम मोडले होते.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"मामा, परवाना नसलेल्यानं यावर बोलायचं नसतं. आणि धंद्याचं तर परवाना असलेल्यानंही बोलायचं नसतं."

"मग बोलता तरी काय?"

"हवा कशी आहे, सेट कोणता, आवाज कसा येतोय."

"म्हंजी कामाचं कायबी नाय." मामा उठले. "घर माझं, लाईट माझी, छत माझं, आन बोलायला मलाच परवाना? ती काठी उतरव छतावरची. पाडव्याच्या आत. तुझ्या आत्याच्या कुरडयांना जागा व्हईल."

काठी म्हणजे माझी अँटेना. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, जागा मागितली नव्हती. पण आयती मिळत असताना नको कोण म्हणतं?

अँटेना गेली की परवाना ट्रंकेत जाणार आणि मी पुन्हा नुसती सूनबाई. मला रडू आलं. रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. मामांना बोलायचंच आहे ना, मग बोलू द्यावं पोटभर.

सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपास सरकारनं एक पट्टा सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय, सिटिझन बँड. परीक्षा नको, परवाना नको. फक्त सेट मान्यता मिळालेला हवा आणि ताकद पाच वॅटच्या आत. मग मोसंबीचं बोला, खताचं बोला. आम्हा हॅमवाल्यांना सेट घरी बनवायची मुभा, ताकद जास्त, सातासमुद्रापार जायची सोय; पण जिभेला लगाम. तिथं जीभ मोकळी, पण हात आखूड.

नवऱ्याकडून तसे दोन हातसेट आणवले. एक मामांकडं, दुसरा जवळच्याच मळ्यात सालगड्याकडं. मळ्यात मोबाइलची रेंज विहिरीच्या कठड्यावर एका पायावर उभं राहिल्याशिवाय येत नसे, त्यामुळं मामा हरखले. मोटार चालू का, गाय व्यायली का, व्यापारी आला का, दिवसभर गल्लीला ऐकू जाईल असा कारभार. काठीचा विषय निघेना.

आणि मग मामांच्या चॅनलवर एक मेंढपाळ आला. शेजारच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, आणि त्यानंही तसलीच हातसेटची जोडी घेतली होती. बायकोला सांगत होता की कोकरू सापडलं.

"कोण रे तू?" मामा गरजले. "हे आमचं चॅनल हाय."

"व्हय का दादा?" पलीकडून अगदी नम्र आवाज आला. "कुठं लिव्हलंय?"

मामा तणतणत माझ्याकडं आले. "हाकल त्याला."

"नाही हाकलता येत. तो पट्टा सगळ्यांचाच आहे."

"मी आधी आलो. वहिवाट माझी हाय."

दुसऱ्या दिवशी ते थेट तलाठ्याकडं गेले आणि चॅनलची नोंद कुठं होते ते विचारून आले. तलाठ्यानं चहा पाजून परत पाठवलं. "हवेला सातबारा नसतो म्हणं," मामा म्हणाले, आणि न जेवता आडवे झाले.

संध्याकाळी उठले ते सगळ्याच रेडिओंवर चिडून. "उद्या सकाळी ती काठी उतरवतो. मीच उतरवतो." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "तुझ्याकडं बी असंच कुणीबी घुसतं का?"

"परीक्षा दिल्याशिवाय नाही," मी म्हणाले. शब्दन् शब्द खरा होता.

"आन ते नाव? सरकार देतं?"

"हो. तुमचं एकट्याचं. जगात दुसऱ्या कुणाला तेच मिळत नाही."

मामांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "वयाची काय अट?"

"बारा वर्षं पूर्ण पाहिजेत."

"ती झाली," मामा म्हणाले.

सकाळी छतावर ठोकाठोक ऐकून मी चपला न घालता धावले. मामांनी अँटेना खरंच उतरवली होती. शेजारी तिच्यासाठी आधीच्यापेक्षा उंच लोखंडी पाइप सिमेंटमध्ये रोवणं चाललं होतं, आणि आत्यांच्या कुरडयांची रवानगी ओसरीत झाली होती. मला इतका आनंद झाला की मीच पाटीभर वाळू वर आणून दिली.

आता रोज दुपारी मामांची परीक्षेची शिकवणी असते. मोसंबीचं नाव काढायचं नाही, हे मामांनी कडू औषधासारखं गिळलं. आमच्यातही कुठलीच फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते, हा नियम पुस्तकात अगदी सुरुवातीलाच आहे. ती पानं मी शिकवताना गुपचूप उलटून पुढं गेलेय. सिमेंट पक्कं होऊ दे.