टेम्पोतून उतरलेला नवरदेव

गेल्या रविवारी मी भाजी आणायला गेलो आणि माझं लग्न आठवून परत आलो.

म्हणजे लग्न अगदीच विसरलो नव्हतो. (ते शक्यही नाही. सुनंदा, माझी बायको, त्या वेळी पिशवी धरून शेजारीच उभी होती.) पण माझं डोकं म्हणजे आमच्या घराचा माळा. एखादी वस्तू शोधून सापडत नाही, पाय घसरून तिच्यावर पडलं की सापडते!

तर आम्ही रत्नागिरीच्या बाजारात वाल निवडत होतो. एवढ्यात शेजारी उभ्या टेम्पोच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. पांढऱ्या मिशा, तोंडभर हसू.

"काय वो नवरदेव! वळाखलात काय?"

मी जन्मभर मास्तरकी केली. रस्त्यात रोज कुणी ना कुणी "ओळखलंत का?" विचारतंच. नाही म्हटलं की समोरचा हिरमुसतो, म्हणून मी सरसकट हो म्हणतो.

"ओळखलं म्हणजे काय! असता कुठे हल्ली?"

"हाय तिथंच! पाय बरा हाय ना?"

"उत्तम!" (कुठला पाय?)

"आणि ती बकरी आठवते? काय मागं लागलेली तुमच्या!"

"विसरेन कसा!"

सुनंदाच्या हातातली शेंग पाटीत पडली. "कोण हो बकरी?"

"असेल कुणी विद्यार्थिनी," मी पुटपुटलो.

"विद्यार्थिनीला बकरी म्हणायचात?"

"टोपणनाव गं!"

"आणि ती तुमच्या मागे लागली होती?"

खुलासा करावा तर मलाच काही माहीत नव्हतं! तेवढ्यात त्या गृहस्थांनी दार उघडलं. "चला, घरी सोडतो. उन्हाचं चालता कशाला?"

सुनंदा मुकाट्याने आत जाऊन बसली. (तिचं मुकाट्याने बसणं मला बोलण्यापेक्षा जड जातं.) मी ऐटीत पाय उचलला, आणि दाराच्या वरच्या पट्टीवर डोकं आपटलं. ठण्ण!

"तवाबी ह्येच केलात!" तो आनंदाने ओरडला. "टेम्पो बदलला, पण डोका तोच!"

आणि त्या टेंगळातून सगळं भळाभळा आठवलं.

आमचं लग्न पोफळीला होतं. सासरे तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला. आमचं वऱ्हाड रत्नागिरीहून दोन गाड्यांतून निघालं, संगमेश्वरच्या पुढे चहाला थांबलं. मी जरा करवंदीच्या जाळीमागे गेलो, तर धोतर काट्यांत अडकलं. ते सोडवता सोडवता पाय मुरगळला, आणि लंगडत रस्त्यावर येतो तो दोन्ही गाड्या गायब! पुढच्यांना वाटलं नवरा मागे आहे, मागच्यांना वाटलं पुढे गेला. मोबाइल तेव्हा कुणाकडेच नव्हते. डोक्याला फेटा, कपाळावर मुंडावळ्या आणि मी हायवेवर एकटा! एसटीतले लोक हात हलवत होते. मीही हलवत होतो. (संस्कार!)

वऱ्हाडाला गाठायचं म्हणून मी लंगडत चालू लागलो. अशात बकऱ्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला. चालकाने खाली उतरून मला अक्षरशः उचलून आत घातलं. डोकं आपटलं ते तेव्हाच. पुढच्या सीटवर एक बकरी आधीच विराजमान होती. तिने सावर्ड्यापर्यंत माझ्या मुंडावळ्या खाल्ल्या आणि चिपळूणपर्यंत फेट्याचा शेमला. बकऱ्या खरं तर चिपळूणच्या बाजारात उतरायच्या होत्या. पण त्या भल्या माणसाने बाजार मागे टाकला आणि टेम्पो थेट पोफळीला काढला.

तिथे काय चाललं होतं? वऱ्हाड पोचलेलं, सनई वाजतेय आणि सासरे विचारतायत, "नवरदेव कुठाहेत?"

"मागच्या गाडीत!"

"छे, पुढच्या गाडीत!"

सुनंदाच्या काकांनी तर "पोरगा पळाला" असं जाहीरही करून टाकलं. तेवढ्यात टेम्पो मांडवाच्या दारात आला. बँडवाल्यांनी जोर केला. सुवासिनींनी घाईघाईत, दारातून जो पहिला उतरला त्याला ओवाळलं. ती बकरी होती.

मला गुरुजींनी ओढतच बोहल्यावर नेलं. मंगलाष्टकं संपली तोवर टेम्पो निघूनही गेला होता. त्या माणसाला ना कुणी नाव विचारलं, ना पाणी.

हे सगळं मी टेम्पोत सांगितलं तेव्हा सुनंदा टेम्पोवाल्याकडे वळली. मग म्हणाली, "भाऊ, मी आतल्या खोलीत नटून बसले होते. काकांचा आवाज ऐकू येत होता. बाबांचा येत नव्हता. त्याचीच भीती वाटत होती. तुमच्या टेम्पोचा हॉर्न वाजला आणि बाबा जोरात हसले. तेव्हा माझ्या जिवात जीव आला." आणि तिने सरळ विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

"सखाराम."

(इतकं सोपं होतं तर!)

सखारामभाऊंना आम्ही जेवल्याशिवाय सोडलं नाही. सुनंदाने वालाची उसळ, भात, सोलकढी असं आग्रह करकरून वाढलं. जावयासाठी जपून ठेवलेला आमरसही निघाला.

"सखारामभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही देवासारखे धावून आलात! रस्त्यात एकटा नवरदेव बघून तुम्ही बरोबर ओळखलंत, की याला लग्नाला पोचायचंय!"

"छ्या!" ते आमरसाची वाटी चाटत म्हणाले. "मला वाटला, तुमी लग्नातनं पळताय!"

"पळतोय?"

"मग? रत्नागिरीकडं तोंड करून चाललेलात ना! म्हटला, कुणाच्या तरी पोरीचा मांडव मोडंल. म्हणून धरला तुमाला. मांडव कुठला ता विचारला, तर रडत रडत पोफळी म्हणालात. नेऊन घातला!"

सुनंदाच्या हातातला आमरसाचा डाव हवेतच राहिला. मी सोलकढीच्या वाटीत तोंड लपवलं.

विषय बदलावा म्हणून सखारामभाऊंनीच मोठ्या मनाने विचारलं, "बाकी, तुमी शाळेत शिकवायचात काय?"

खोटं बोलायची सोय नव्हती. सुनंदा माझ्याकडेच बघत होती.

"भूगोल," मी म्हणालो.