बंकटदाजींची तिवई

आमचे दाजी कुठेही गेले की आधी समोरची वस्तू हलवून बघायचे. पाटोद्याच्या बाजारात पालाचा बांबू हलव, कुणाच्या घरी गेले की दाराची चौकट हलव. सिरसाळ्याला एका लग्नात त्यांनी मांडवाची मेढ दोन्ही हातांनी धरून अशी हलवली, की नवरीचा मामा तोंडातलं पान थुंकून धावत आला. लोकांना वाटायचं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याला, बंकटरावांना, जगात एक न हलणारी गोष्ट हवी होती. ती इतकी निकडीची झाली त्याला निम्मा जबाबदार मी होतो. अक्का आता नाही म्हणून निम्मा लिहितोय. ती असती तर म्हणाली असती, "निम्मा कशाला, सगळाच."

दाजी मेंढरांमागे वाढलेले. तरुणपणी औरंगाबादच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे कामाला लागले. साहेबाला फोटोचा नाद होता. विलायतेला परत जाताना त्याने आपला कॅमेरा दाजींनाच देऊन टाकला. लाकडाची मोठी पेटी, पुढे भिंग, मध्ये चामड्याचा भाता, मागे दुधी काच, आणि त्या काचेवर सगळं जग उलटं. वीतभर काचेच्या एका प्लेटवर एकच फोटो. भिंगाचं झाकण काढून तीन आकडे मोजायचे, तेवढ्या वेळात ना माणसाने हलायचं ना पेटीने. माणसाला दटावता येतं. पेटीला मात्र तीन पायांची भक्कम घोडी लागते.

साहेबाची घोडी सागवानी होती, पितळी खिट्ट्यांची. तट्टाच्या पाठीवर पेटी आणि प्लेटा, दाजी पुढे, आणि घोडी माझ्या खांद्यावर, असे आम्ही माजलगावपासून परळीपर्यंत हिंडायचो. घाट चढताना माझा खांदा सोलून निघायचा. मी सहा वर्षं न चुकता कुरकुर केली. त्या घोडीला वाळवी लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. दाजी तशीच दुसरी करायला निघाले, तर मी हट्टच धरला, "दाजी, वेळूची करा. हलकी हाय, घडी घालून बगलेत मारता येती." दाजींनी माझं ऐकलं. ही त्यांची चूक, आणि ती माझ्यामुळे.

आता गहिनीनाथचं सांगतो. तो दाजींचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं एकाच कळपामागे वाढलेले. पाटोद्याच्या वर डोंगरपट्टीत त्याची वाडी. मोठी लढाई लागली तेव्हा तो नगरला, इंग्रजी मुलखात जाऊन खेचरांच्या पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याला गेला. बायको ताराबाई तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती. मागे म्हातारे आईबाप. बाप दुसऱ्याच महिन्यात गेला. आई, साखराबाई, मला म्हणाली, "पाव्हणं, एवढ्या लांब त्याला कळवू नगा. तितं कुनाच्या गळ्यात पडून रडंल त्यो?"

वाडीची पत्रं मी लिहायचो, कारण मोडी मलाच यायची. मी सहा महिने लिहीत राहिलो, वडील खुशाल आहेत. शेवटी वाडीचाच एक माणूस त्याच्या पलटणीत दाखल झाला आणि बिंग फुटलं. त्यानंतर गहिनीनाथचं पत्र आलं ते थेट माझ्या नावाने. मुंजाजी, तुझ्या अक्षरावर आता माझा इश्वास न्हाई. पोरगं झालं म्हणून लिवतोस. बंकटला सांग, त्याची तसबीर काढून धाड.

म्हणून कार्तिकात आम्ही वेळूची घोडी घेऊन वाडीवर गेलो. सोबत एकच प्लेट होती. लढाईमुळे नगरला प्लेटा येत नव्हत्या. डोंगरावर वारा सुटलेला. ताराबाई चार महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन अंगणात बसली. दाजींनी झाकण काढलं आणि दुसऱ्या आकड्याला वेळू चक्क गुणगुणायला लागला. प्लेट बाहेर काढताना घोडीचा पाय घसरला, पेटी कलंडली आणि प्लेटचा कोपरा उडाला. फोटो छापला तर सगळंच पुसट. पोराच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग, आणि कोपरा उडालेला तिथे काळं त्रिकोणी ठिगळ.

"निदान हे तरी चांगलं दिसू दे," म्हणून दाजींनी तो काळा कोपरा कात्रीने सफाईने कापून टाकला. मी शेजारीच बसलो होतो. पाकिटावर पत्ताही मीच लिहिला.

आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र लिहिलं की त्या कागदाचा एक कोपरा फाडतात. अक्षर न येणाऱ्यालाही हातात पडताच कळतं. हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. त्या दिवशी ते आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

गहिनीनाथचं उत्तर माघात आलं. साखराबाईच्या ओसरीवर बसून मी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि निम्म्यातच माझी जीभ अडखळली. तसबीर पोचली, त्याने लिहिलं होतं. कोपरा बगितला. मुंजाजीनं पुन्हा दडवलं आसतं, पर बंकटनं कोपरा कापून खरं सांगितलं, त्याचे उपकार. पोराचं तोंड बी त्याला काढवलं न्हाई. जेठात माजी सुट्टीची पाळी हाय. घरी येऊन काय बगू? पलटण फुडं लढाईच्या तोंडावर जानार हाय. चैताच्या शेवटी जानाऱ्यांची नावं घेत्यात, त्यात मी नाव देतो.

पोर ताराबाईच्या मांडीवर बसून तिच्या पदराचं टोक चोखत होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लिवा की भाऊ. हाय म्हनून लिवा. दात आल्यात म्हनून लिवा."

"मी लिहिलेलं त्याला खरं वाटेल का, वहिनी?"

साखराबाईने पोराला उचलून घट्ट धरलं, ते रडायला लागलं तरी सोडेना. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. दाजी तर गेलेच होते. अंगणातल्या दावणीची मेख धरून ते हलवत उभे होते.

तेव्हापासून त्यांना चैन पडेना. टपाल बसऱ्याला पोचायला महिना लागायचा. चैत्र संपायच्या आत तसबीर गहिनीनाथच्या हातात पडली तर तो घरी येणार, नाहीतर लढाईच्या तोंडावर जाणार. दाजी जेवताना उठायचे, उठून हात न धुता हिंडायचे. बाजारात बैलगाड्यांचे साठे, म्हणजे चाकांवरचे लाकडी सांगाडे, हलवून बघायचे, सावकाराच्या तिजोरीखालचे लाकडी पाय हलवून बघायचे. अक्का म्हणायची, "धनी, भाकर खाऊन तर हलवा." पाटोद्याच्या सुताराकडून त्यांनी बाभळीची घोडी करवली, पण घाईत ओल्या लाकडाची. उन्हाने आठ दिवसांत तिचे तीन पाय तीन गावांकडे वळले. वजन तर असं की तट्टूसुद्धा फुरफुरलं. मी मात्र एक शब्द बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

फाल्गुनात तीच वाकडी घोडी घेऊन आम्ही वाडी गाठली. नगरच्या दुकानदाराच्या हातापाया पडून दाजींनी दोन प्लेटा मिळवल्या होत्या. पहिली अंगणात लावली. दाजींनी झाकण काढलं, "एक" म्हटलं, आणि बाभळीचा पाय कर्रकन वाजून सांध्यातून चिरला.

"गेली," दाजी म्हणाले. झाकणही न लावता ते चालते झाले. मी पेटी झाकली आणि त्यांच्या मागे धावलो.

साखराबाईचं खळं वाडीच्या टोकाला, मोकळ्या माळावर. तिथे ज्वारीची उपणणी चालली होती. उपणताना वाऱ्यात उंच उभं राहायला तीन पायांची लाकडी तिवई असते. तीवर एक गडी उभा राहून पाटीतली ज्वारी खाली सोडत होता. वाऱ्याने त्याचं धोतर फडफडत होतं, मुंडाशाचा शेव उडत होता, भूस पार बांधापर्यंत जात होतं. तिवई मात्र तसूभर हलत नव्हती. दाजी जागच्या जागी थांबले. मग चपला फेकून ते तिवईकडे पळाले आणि गडी वर असतानाच तिचे पाय धरून हलवायला लागले.

"आरं, पडंल की त्यो!" साखराबाई ओरडली.

"हलंना!" दाजी म्हणाले. "काकी, हलंना ही! कितीक सालाची हाय?"

"माज्या सासऱ्याच्या बापानं केलेली. कावून?"

"मला द्या. अंगनात नेतो, तासाभरात आनून देतो."

"रास मोजून उचलल्याबिगर तिवई खळ्याभाईर जात न्हाई. माज्या लग्नापून गेली न्हाई." म्हातारीचे डोळे भरून आले होते, पण ती बधली नाही. "तुजं काय ते हितंच कर."

रास मोजायला अजून चार दिवस होते आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. म्हणजे सगळ्यात जास्त वारा जिथे, तिथेच फोटो. गडी खाली उतरला. आम्ही पेटी तिवईवर ठेवून सुताच्या दोरीने आवळली, खाली गोणपाटात दगड भरून लटकवले. दाजी काळ्या फडक्यात शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मला धडकी भरली. "बे मुंजाजी," आतून आवाज आला, "कणीस न् कणीस दिसतंय." आवाज रडका होता.

ताराबाई राशीशेजारी बसली. पण पोर आता आठ महिन्यांचं, कसलं स्थिर बसतंय! डोळ्यांत भूस गेलं म्हणून भोकाड पसरलं, मग आईची बोरमाळ ओढायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या, कोल्ह्यासारखा ओरडलो. ते अजूनच चेकाळलं. दाजींच्या हातात शेवटची प्लेट, कपाळावर घाम.

साखराबाईने सूप भरलं, पेटीच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि हात वर करून ज्वारी हळूहळू सोडायला लागली. उन्हात दाणे चमकत खाली पडत होते. पोराचं तोंड उघडं राहिलं. त्याने माळ सोडली आणि त्या धारेकडे टक लावून बघायला लागलं.

दाजींनी झाकण काढलं. "ए..."

"खळ्यात येक म्हनू नगं!" साखराबाई सूप न हलवता पुटपुटली. "लाभ म्हन." आमच्याकडे धान्य मोजताना पहिलं माप एक म्हणून मोजत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ," दाजी म्हणाले. "दोन. तीन."

घरी येऊन प्लेट धुतली. चारही कोपरे जागेवर होते. फोटो छापला तेव्हा पोराच्या दोन दातांसकट सगळं दिसत होतं. फक्त कडेला साखराबाईचा अर्धा हात, सुपाचं टोक आणि खळ्यातल्या बैलाचं ढुंगण आलं होतं. मी सहज म्हणालो, "दाजी, कडेचा बैल तेवढा कापू का?"

"कात्रीला हात लावशील तर हात मोडीन बे!" ते इतक्या जोराने ओरडले की अक्का चुलीपुढून उठून आली. तसबीर त्यांनी दोन पातळ फळ्यांमध्ये घालून शिवली. पत्र लिहू नकोस म्हणाले. मी फक्त पत्ता लिहिला.

मग वाट बघणं. चैत्र गेला, वैशाख गेला. दाजींनी तिवईची मापं घेऊन, मोडीत निघालेल्या गाडीच्या वाळक्या लाकडाची, सुटे पाय होणारी नवी घोडी करवली, खाली लोखंडी टोकं लावली. ती साहेबाच्या घोडीपेक्षा जड होती. मी ती खांद्यावर घेऊन माजलगावला गेलो, परळीला गेलो, आणि प्रत्येक गावात दाजी आधी टपालाची चौकशी करायचे. ज्येष्ठ उजाडला तरी बसऱ्याहून एक ओळ नव्हती. अक्काने वाडीवर जायचंच बंद केलं. ताराबाईच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणायची.

ज्येष्ठ सरता सरता एका दुपारी दारात एक वाळलेला, काळा पडलेला माणूस उभा राहिला. खाकी सदरा, खांद्यावर गाठोडं. गहिनीनाथ. अजून वाडीवर न जाता आधी आमच्याकडे आला होता. दाजी उठले, पण पुढे जाईनात.

गहिनीनाथने सदऱ्याच्या आतून तसबीर काढून त्यांच्या हातात दिली. तिच्या चारही कोपऱ्यांवर खाकी कापडाचे तुकडे बारीक टाक्यांनी शिवलेले होते.

"रोज काडून बगायचो, त्यानं कोपरे झिजाय लागलते," तो म्हणाला. "म्हनलं, येखांदा तुटला तर घरी कुनाला तरी वंगाळ वाटंल. म्हनून शिवले."

दाजी खाली बसले. एकेक कोपरा चिमटीत धरून त्यांनी हळूच हलवून बघितला. चारही टाके घट्ट होते.