अर्ध्या पुड्याची लाज

मोताळ्यात फुकट सल्ला द्यायला मी आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. माझी रस्त्याकडची खोली रिकामीच असते. तिच्या उंबऱ्यावर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याचं भलं करत असतो. अशात समोरच्या नारायणरावांच्या सुनेने, संजीवनीने, बैठकीवर फ्लेक्स लावला: 'घरगुती खाद्यउद्योग: सल्ला व मार्केटिंग'. म्हणजे माझ्या पोटावर पायच की!

बाई पुण्याच्या मसाला कंपनीत माल खपवायचं काम करून आलेली. नवरा हर्षल शेती पाहायला परतला, त्याच्यामागे हीही आली. हुशार पोरगी. पण आमच्या लोकांना हुशारी चहासोबत लागते. शेंगदाण्याची चटणी कशी विकायची हे विचारायला आलेला माणूस दोन कप चहा पिऊन, पोराला पुण्यात चिकटवता का, एवढं विचारून गेला. लोणचं विकणाऱ्या कुलदीपला तिने सांगितलं, बरणीवर ओळख पटेल असं चित्र टाका. त्याने हार घातलेल्या आजोबांचा फोटो टाकला. गिऱ्हाईक बरणी उचलायचं, आजोबांना नमस्कार करायचं आणि बरणी जागेवर ठेवायचं.

नारायणराव वैतागले. "सूनबाई, एक तरी माल दुकानात लागू दे. नाई लागला तं बैठकीत हरभऱ्याचे पोतेकट्टे लावतो. भाव चढेस्तोवर ठेवू कुठं मी?"

मग संजीवनीने आशाबाईंना धरलं. आशाबाई माझ्या भिंतीला भिंत. त्यांचे धापोडे, म्हणजे ज्वारीचे पातळ पापड, इतके नाजूक की जोरात बोललं तरी तुटतील. बुलढाण्याच्या एका मोठ्या किराणा दुकानदाराने ते चाखले आणि रॅकचा एक कोपरा देतो म्हणाला. संजीवनी चार दिवस जमिनीवर नव्हती. पुडे आले, वजन छापलं, आशाबाईंचं नाव छापलं. पुड्यात वर मुद्दाम मोकळी जागा ठेवून हवा भरली, म्हणजे धापोडा तुटत नाही. सगळं सीलबंद करून खोके आशाबाईंच्या ओसरीत ठेवले. सकाळी हर्षल घेऊन गेला आणि दुपारी तेच खोके परत घेऊन आला.

संजीवनीने एक पुडा उचलला. पुडा फुगलेला, वरून सुईदोऱ्याने शिवलेला. गोधडीचा टाका, अगदी सरळ!

"काकू, हे कापलं कोणी?"

"म्याच कापलं. अवं, अर्धा पुडा रिकामा व्हता! बुलढान्याचे लोक काय म्हनतीन? मोताळ्याची बाई हात आखडून देते?"

"त्यावर वजन छापलंय ना!"

"मंग? कमी भरलं का म्या? जास्तच भरलं."

"काकू, सील तोडलं तुम्ही. शिवलेला पुडा कोण विकत घेईल? आणि दाबून भरल्यानं आत सगळा चुरा झालाय. मोकळी जागा कशासाठी ते सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

"मले सांगतलं व्हतं. पन घेनाऱ्याले कोन सांगनार? म्या जन्मात कोनाले अर्धं भांडं दिलं नाई, बाई."

संजीवनी पायरीवर बसली आणि एकेक टाका उसवत राहिली. दोरा बोटाला गुंडाळायची, काढायची, फेकायची. मला हसू आवरेना, पण तिचा चेहरा पाहून मी ते मिशीत दाबलं.

टाकून थोडंच देणार! आशाबाईंनी चुऱ्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ आणि बारीक कांदा घातला. वास गेला तशी गल्ली जमली. कोणी ताट आणलं, कोणी तसाच हात पुढे केला. मी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हटलं, "संजीवनी, धापोडे कायले? चुराच विक."

"आणि त्याचा पुडा काठोकाठ भरायचा, नाही का?"

"मंग!" आशाबाई म्हणाल्या. "हलवून हलवून भरीन मी."

संजीवनीने दोन्ही हात कपाळाला लावले.

नारायणरावांनीही दोन बश्या संपवल्या. मला वाटलं, विरघळले. त्यांनी मिशी पुसली. "चव झकास हाय. पन माल लागला नाई." दुसऱ्या दिवशी बैठक कट्ट्यांनी दारापर्यंत भरली. संजीवनीने फ्लेक्स उतरवून त्याची घडी घातली, तोच आशाबाई हजर. "बोर्ड काढूनच राह्यली तं मले दे. वाळवनाले बरा."

आता आशाबाईंच्या गच्चीवर फ्लेक्स पसरलेला असतो. चारी कोपऱ्यांवर विटा, मधे ओले धापोडे. काल पाहिलं तर संजीवनी पदर खोचून ते उलटत होती. मला राहवेना. माझ्या गच्चीवरून ओरडलो, "काय वं, मार्केटिंगवर धापोडे वाळून राह्यले की!"

ती मान वर न करता म्हणाली, "बुलढाण्याच्या दुकानदाराला पुन्हा विचारलं. सील करून नीट आणा म्हणतो. फक्त काम करायला जागा नाही." मग वर पाहिलं. "काकाजी, तुमची रस्त्याकडची खोली रिकामीच असते ना?"

आशाबाईही वळून पाहू लागल्या. मला एकदम आठवलं, गॅसवर दूध ठेवलंय.

"पाहतो, घरात विचारून सांगतो," म्हणालो आणि जिना उतरलो. मागून आशाबाई बोललेल्या स्पष्ट ऐकू आल्या.

"चुरा खायले घरात विचारलं नव्हतं त्यानं."