पैसे नको म्हणणारा माणूस

आमचं गोंदियाचं घर गहाण होतं, आणि ज्याच्याकडे ते गहाण होतं तो माणूस पैसे घ्यायला तयार नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट मला कौतुकाने सांगितली गेली. सासरे म्हणायचे, असा सावकार दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. सासूबाई मात्र हे ऐकलं की हातातलं सूप तेवढं जोरात पाखडत.

घर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे पोह्यांचं दुकान, मधे राहायच्या खोल्या, मागे भट्टी आणि म्हशींचा गोठा. सासऱ्यांनी ते विकत घेतलं तेव्हा निम्म्याहून जास्त रक्कम त्यांच्या मित्राने दिली होती. हा मित्र धानाचा मोठा व्यापारी, गावभर त्याला शेठजी म्हणत. कागद असा झाला होता की ठरलेल्या वर्षीच्या पौषी पुनवेपर्यंत सगळी मुद्दल फेडली तर घर मोकळं, नाही तर घर शेठजींचं. व्याज दरसाल जात होतंच. पण मुद्दलापैकी काही घेऊन सासरे गेले की शेठजी पान पुढे करत आणि पैसे मागे सारत. "अरे भाई, पैसा कहाँ भाग रहा है? इकट्ठा दे देना."

सासरे खुशीत परत येत. मग एकदा मात्र सासूबाई माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "पैसे चालून आले तरी जो माणूस घेत नाही, त्याले दुसरं काही तरी पाहिजे राहते."

"तुले सगळ्यातच काळं दिसते," सासरे म्हणाले.

त्यात थोडं खरं होतं. सासूबाई कोणावरच विश्वास ठेवत नसत. दुकानाच्या मिळकतीतून मुद्दलाचे पैसे बाजूला पडत होते, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. मुद्दल घरातच राहिली म्हणजे ती खर्च होते, कधी एखादं लग्न, कधी एखादं आजारपण. म्हणून बाकीची जमवाजमव त्यांनी स्वतःच्या हातात घेतली होती. दर वेळी भात शिजवताना धुतलेल्या तांदळातून नव्हे, कोरड्या तांदळातून एक मूठ काढून मडक्यात टाकायची, महिन्याला तो तांदूळ विकायचा. कनकी म्हणजे तुकडा तांदूळ आणि कोंडा विकायचा. सणाला नवं लुगडं नाही. दूध घरात चहापुरतं, बाकीचं रतीबाला. लढाईचे दिवस होते, स्टेशनात फौजेच्या गाड्या थांबत, दुधाला कधी नव्हे तो भाव आला होता. हे सगळे पैसे सासूबाई एका पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि तो डबा कोंड्याच्या कणगीत पुरून ठेवत. त्या कणगीला हात लावायची मुभा फक्त त्यांना होती.

माझं माहेर तिरोड्याचं. तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर मी भावासाठी पायलीभर पोहे पाठवले की सासूबाई विचारायच्या, "पोह्यात काय होतं?"

"पोहेच होते."

"नाही, जड दिसून राहिलं होतं."

मी तेव्हा विशीतली. आधी रडू यायचं, मग राग यायचा, मग त्याचीही सवय झाली.

शेठजींच्या घरी दुधाचा रतीब होता आणि तो घालायला मी जात असे. एक दिवस शेठाणी दूध ओतून घेताना सहज म्हणाल्या, "आता तर तुमचं होतच आलं म्हणे. थोडेच राहिले."

मी घरी येऊन हे सांगितलं आणि सासूबाईंचा चेहरा बदलला. डब्यात किती आहे हे घराबाहेर कोणालाच माहीत असायला नको होतं. घरात आम्ही चौघंच. सासरे, सासूबाई, मी आणि माझे यजमान. त्यातून शेठाणींशी रोज बोलणारी मी एकटी.

"तिले कोणं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"मले काय ठाऊक?"

"तुले ठाऊक नाही, मले ठाऊक नाही. मग भिंत बोलली वाटते."

त्या दिवसापासून त्या मी असताना डबा काढीनाशा झाल्या. मी आंगण झाडायला गेले की आत कणगी सरकल्याचा आवाज यायचा. यजमानांनी माझी बाजू घेतली तर त्यांनाही ऐकावं लागलं. मीही मग संशयाने बघू लागले. यजमान दुकानात गिऱ्हाइकांशी काय बोलतात, भट्टीवरची बाई कोणाकडे जाते, सगळं कान देऊन ऐकायचं. एका घरात राहून आम्ही एकमेकांवर पाळत ठेवत होतो.

धान निघालं, भट्टी जोरात सुरू झाली. त्याच सुमारास एक सुतार दुकानात आला. अधोली पोहे घेतले आणि मग खिशातून दोरी काढून दुकानाच्या तोंडाचं माप घेऊ लागला. यजमानांनी विचारलं तर म्हणाला, "एका गिऱ्हाइकाले असंच दुकान बांधायचं आहे, नमुना पाहून राहिलो." यजमानांनी मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी दूध घेऊन गेले तर तोच सुतार शेठजींच्या आंगणात बसून सागवानाच्या फळ्यांना रंधा मारत होता. मोठाल्या दुकानी फळ्या, एकाला एक लावून बसवायच्या. शेठजींचा वाडा मी आतून-बाहेरून पाहिलेला होता. त्या मापाचं तोंड त्या वाड्यात कुठेच नव्हतं. मी उभी राहून पाहत होते. सुताराने मान वर केली, मला ओळखलं, आणि घाईने फळीवर पोतं टाकलं.

शेठाणी आतून आल्या. "सोमवारपासून दूध नको," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे प्रयागला जातो, माघस्नानाला. महिना-दीड महिना लागेल."

आमच्या मुदतीची पौषी पुनव सोमवारनंतरच्या आठवड्यात होती. मी दुधाची चरवी उचलली आणि तडक घराकडे निघाले.

घरी सगळे जेवायला बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो मलाच. "हे तुले तिनं काऊन सांगतलं?"

"दूध बंद करायचं म्हणून सांगतलं. मी कायले खोटं बोलू?"

त्या ताट बाजूला सारून यजमानांना म्हणाल्या, "शेठजी गावात नसतील तर पुनवेले पैसे कोणाच्या हातात देशील?"

सासरे चिडले. "तीर्थाले जाणाऱ्या माणसावर संशय घेता? परत आल्यावर घेईल तो पैसे. मित्र आहे माझा."

यजमान त्याच दुपारी एका वकिलाकडे गेले. परत आले ते घाम पुसतच. वकील म्हणाला होता, मुदत गेली म्हणून घर त्याच दिवशी जात नाही, पण मग खटल्यात वर्षं जातील. त्यापेक्षा मुदतीच्या आत सगळी रक्कम भंडाऱ्याच्या कोर्टात शेठजींच्या नावे भरून टाका. मग ते प्रयागला जावोत की काशीला.

सासरे काही केल्या तयार होईनात. अर्जावर सही त्यांचीच लागणार होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मित्र असेल तर त्याले आनंदच होईल. राग आला तर समजून जा."

सासऱ्यांनी कुरकुरतच सही करायचं कबूल केलं.

दुकान बंद दिसलं तर कोणाच्या तरी डोळ्यात येईल म्हणून यजमान गोंदियालाच राहिले. आम्ही तिघं निघालो. मी माहेरी जाते आणि सासू-सासरे पोचवायला येतात असं सांगायचं ठरलं. धान निघाल्यावर मुद्दल पुरी झाली होती, ते सगळे पैसे पोह्यांच्या पोत्यात मधोमध घातले. खरं तर सासूबाईंनी यायची गरज नव्हती. त्या का आल्या हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही.

गाडीत त्या पोत्यावरच बसल्या. डब्यात चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघायच्या. एका माणसाने "काय आहे बाई पोत्यात?" विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या बापाचं काय जाते?" तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. तिरोडा आलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं ते गाडी हलेपर्यंत सोडलं नाही. माझ्या माहेरच्या गावाची माणसं फलाटावर दिसत होती. हाक मारायचीही चोरी.

गाडी सुटल्यावर मात्र माझ्याने राहवलं नाही. "मी कोणाले काही सांगतलं नाही, आई. तुम्ही मले वर्षभर चोर समजून राहिल्या."

सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग कोणं सांगतलं?"

"मी सांगतलं," सासरे म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. ते पागोटं मांडीवर घेऊन बसले होते.

"संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसतो ना. तो विचारायचा, कुठवर आलं. मी सांगायचो. घरच्या बायका तांदळाच्या मुठीमुठीनं घर सोडवून राहिल्या, हे सांगताना मले बरं वाटायचं." पागोट्याची घडी नीट करत म्हणाले, "तोही म्हणायचा, वा भाई वा."

सासूबाईंनी पोत्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

कोर्टात सासऱ्यांनी अर्जावर सही केली. पैसे भरून घेणाऱ्या नाझराने पोहे झटकत झटकत नोटा मोजल्या, नाणी वाजवून पाहिली. सासूबाई दाराशी उभ्या राहून त्याच्या बोटांवर नजर ठेवून होत्या. पावती मिळाली तरी त्यांचं समाधान होईना. ती त्यांनी वकिलाकडून वाचवून घेतली, मग बाहेर टांग्याजवळ उभ्या असलेल्या एका शाळामास्तरांकडून पुन्हा वाचवून घेतली. दोघांनी एकच सांगितल्यावर मग टांग्यात बसल्या.

शेठजी माघ उलटून परत आले. आल्या आल्या प्रसाद घेऊन घरी आले. कोर्टाची नोटीस त्यांच्या हाती पडली असावी, कारण ते घरात न येता दुकानाच्या पायरीशीच थांबले. "भाई, इतना भी भरोसा नहीं?" असं म्हणाले आणि हसले. सासरे हसले नाहीत. पण त्यांनी प्रसाद दोन्ही हातांनी घेतला. गहाणाचा कागद पुढे कोर्टातूनच मोकळा होऊन आला.

मला वाटलं होतं, आता ही मैत्री संपली. पण शिमग्यानंतर सासरे पुन्हा संध्याकाळी त्या ओट्यावर जाऊन बसू लागले. मी एकदा विचारलं, "मामंजी, इतकं होऊनही तुम्ही तिकडे कसे जाता?"

ते चपला घालत होते. म्हणाले, "या गावात मले आणखी कोण ओळखते, पोरी? लहानपणापासून एकच तर आहे." आणि गेले.

सासूबाई माझ्यामागेच उभ्या होत्या. ते रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात, पहिल्यांदाच मला सामील करून घेत म्हणाल्या, "जा, जरा पाहून ये बरं. आता काय सांगून राहिले ते."